कोजागरीला ७० जणांसाठी आटीव मसाला दूध : फाटू नये आणि लागू नये म्हणून काय करावे?

मेहरूणकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या कॉलनीत भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई (खान्देशात मुली जिची मूर्ती मांडून गाणी म्हणतात ती देवी) बसते. महिनाभर रोज संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन घरोघरी गाणी म्हणतात, बंद डब्यातला खाऊ ओळखतात आणि कोजागरीच्या रात्री गुलाबाईला निरोप देतात. त्या रात्री सगळी कॉलनी गच्चीवर जमते आणि आटीव मसाला दूध केले जाते. गेली तीन वर्षे दुधाची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि त्यांतली दोन वर्षे दूध बिघडले, म्हणून यंदा महिनाभर आधीच येथे विचारत आहे.

पहिल्या वर्षी ८ लिटर दूध होते, ते नीट झाले. दुसऱ्या वर्षी १० लिटर दूध बुडाला लागले. मी घाबरून उलथन्याने तळ खरवडला, त्यामुळे काळे कण सगळ्या दुधात पसरले आणि वेलची-केशर घालूनही तो करपट वास गेला नाही. मागच्या वर्षी तर दूध फाटलेच. सकाळी एका ठिकाणाहून ६ लिटर आणि संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणाहून ६ लिटर दूध आणून ते एकत्र तापवले होते. चव चांगली येईल म्हणून मी त्यात ताजे आले किसून टाकले आणि साखरेऐवजी गूळ घातला. उकळी फुटता फुटता कडेने पाणी सुटू लागले आणि पाच मिनिटांत पातेल्यात नुसते चोथापाणी उरले. मुली पेले घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांतली एक सात वर्षांची मुलगी म्हणाली, "काकू, मग गुलाबाई दूध न पिताच जाणार का?" ते अजून माझ्या कानांत आहे.

यंदा ४० मोठी माणसे आणि ३० मुले असतील. दूध किती घ्यावे, गाईचे घ्यावे की म्हशीचे, किती आटवावे, मसाला आणि गोडी कोणत्या वेळी घालावी, हे मला सविस्तर हवे आहे. सासूबाईंचे मोठे पितळी पातेले घरात आहे, पण त्याची कल्हई बरीच उडाली आहे. ते वापरावे का? आणखी एक अडचण अशी की मुली साडेनऊपर्यंत पेंगायला लागतात आणि मोठी माणसे मात्र चंद्र डोक्यावर आल्याशिवाय दूध घेत नाहीत, त्यामुळे तीन तास दूध गरम कसे ठेवावे हा प्रश्न दर वर्षी पडतो. कॉलनीतल्या दोन आजोबांना मधुमेह आहे आणि एका मुलीला दूध पचत नाही. त्यांच्यासाठीही काही सुचवावे.

भालोदची लेक

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझ्या माहेरचे अंगण आठवले. आमच्याकडेही गुलाबाई बसायची आणि कोजागरीचे दूध आजी स्वतः आटवायची. पुढे सासरी आल्यावर ते काम माझ्याकडे आले आणि आता पंचवीसेक वर्षे मी ते करते आहे. त्यामुळे जे सांगते आहे ते केलेले आहे.

आधी दुधाचा हिशेब करू. मोठ्या माणसाला १२५ मिली आणि मुलाला ९० मिली धरले, तर ४० जणांचे ५ लिटर आणि मुलांचे २.७ लिटर, म्हणजे जवळजवळ पावणेआठ लिटर तयार दूध लागते. दुसऱ्यांदा मागणारे असतातच, शिवाय नैवेद्य काढायचा असतो, म्हणून ९ लिटर धरा. मी दूध चौथा हिस्सा आटवते, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणजे १२ लिटर दूध आणावे. अर्धे होईपर्यंत आटवलेले दूध बासुंदीकडे झुकते, दोन घोटांत पोट भरते आणि पेल्यात उरते. कोजागरीचे दूध पेल्याने पिता आले पाहिजे, चमच्याने खायची वेळ येऊ नये, असे माझे मत आहे.

दूध म्हशीचे घ्या. त्यात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो, तर गाईच्या दुधात ३.५ ते ४.५ टक्के. त्यामुळे म्हशीचे दूध कमी आटवूनही दाट लागते आणि जाळ व वेळ दोन्ही वाचतात. ज्यांना गाईच्या दुधाचा पिवळसर रंग आवडतो त्यांनी तीन भाग म्हशीचे आणि एक भाग गाईचे असे मिसळले तरी चालते.

कल्हई उडालेले पातेले अजिबात वापरू नका. उघड्या पितळेत दूध तासन्‌तास राहिले की त्यात तांबे उतरते, चव कसनुशी होते आणि ते पोटालाही चांगले नाही. सासूबाईंचे पातेले कल्हईवाल्याकडून नीट कल्हई करून आणले तर त्यासारखे भांडे नाही, पण ते आधी उरकायला हवे. नाहीतर जाड बुडाचे, रुंद तोंडाचे स्टीलचे पातेले भाड्याने आणा. रुंद तोंड का, तर दुधाचा जितका पृष्ठभाग उघडा तितकी वाफ लवकर निघते. उंच आणि अरुंद पातेल्यात तेवढेच दूध आटवायला किती तरी जास्त वेळ जातो आणि त्या सगळ्या वेळात तळ तापत राहतो.

दूध ओतण्याआधी पातेल्यात दोन पेले पाणी घालून तळ भिजवून घ्या आणि मगच वरून दूध सोडा. आजी हे न चुकता करायची. दूध थेट तापलेल्या कोरड्या धातूला लागले की तिथे थर चिकटतो आणि पुढे तोच करपतो. ढवळायला गोल पळी घेऊ नका, तिचे टोक तळाला एकाच जागी लागते. सरळ कडेचा लाकडी किंवा स्टीलचा सराटा घ्या आणि तो तळावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेत राहा. दूध लागल्याची शंका आली तर खरवडू नका. जाळ बंद करा, वरचे दूध तळ न हलवता दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या आणि त्यातले चमचाभर चाखून मगच पुढे जा.

किती आटले हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून मी एक काठी ठेवते. सरळ भिंतीच्या पातेल्यात दूध ओतल्यावर स्वच्छ लाकडी काठी तळापर्यंत उभी बुडवायची, ओल जिथपर्यंत चढली तिथे सुरीने खूण करायची, त्या उंचीचे चार भाग करून तिसऱ्या भागावर दुसरी खूण करायची. मधूनमधून जाळ कमी करून फेस बसू द्यायचा आणि काठी बुडवून पाहायची. ओल दुसऱ्या खुणेवर आली की दूध झाले. १२ लिटरला उकळी येण्यापासून इथपर्यंत दीड ते दोन तास धरून चला.

मसाल्याचे प्रमाण १२ लिटरला असे ठेवते : बदाम २०० ग्रॅम, पिस्ते १०० ग्रॅम, काजू १०० ग्रॅम, चारोळी ७५ ग्रॅम, हिरवी वेलची २५ ग्रॅम, जायफळ अर्धे आणि केशर १ ग्रॅम. जायफळ अर्ध्याच्या पुढे नेऊ नका. जास्त झाले तर दूध कडवट होते आणि माणसे सुस्तावतात. बदाम-पिस्त्यांची अगदी बारीक पूड करू नका, ती तळाशी बसते आणि शेवटच्या पेल्यांत चिखल होतो. जाडसर कुटा आणि वाढताना प्रत्येक वेळी ढवळा. वेलची चमचाभर साखरेबरोबर कुटली तर सालांसकट बारीक होते, पण मी दाणे वेगळे काढते आणि साले मलमलीच्या पुरचुंडीत बांधून दूध आटत असताना सोडते. सालांचा मंद वास आधी मुरतो आणि दाण्यांची पूड जाळ बंद झाल्यावर पडते. वेलचीचा वास उडून जाणारा आहे. तो तासभर उकळत ठेवला तर गच्चीभर पसरतो आणि पेल्यात काही राहत नाही.

चारोळीबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण ती आपल्या सातपुड्याची आहे. आमच्या लहानपणी पाड्यावरच्या बायका पायलीने चारोळी घेऊन बाजाराला यायच्या. आजी एक दाणा दातांखाली फोडून पाहायची, कारण चारोळीत तेल भरपूर असते आणि जुनी झाली की ती खवट होते. मूठभर खवट चारोळी १२ लिटर दूध वाया घालवू शकते. आजही पुडा फोडल्यावर आधी एक दाणा चावून पाहा, मग ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, चोळून, साल काढून घाला.

केशर कोमट दुधाच्या वाटीत अर्धा तास आधी भिजवा. खरे केशर रंग हळूहळू सोडते आणि काडी शेवटपर्यंत लालच राहते. वाटीत पडताक्षणी रंग सुटून काडी पांढरी पडली तर ते केशर नव्हे.

दूधसंकलक

मी एका गावच्या दूध संकलन केंद्रावर वीस वर्षे काम केले. भालोदच्या ताईंनी करण्याची रीत उत्तम सांगितली आहे, म्हणून मी फक्त दूध का फाटले एवढ्यापुरते लिहितो. मागच्या वर्षी तुमच्या पातेल्यात एक नव्हे, तीन कारणे एकत्र आली होती, आणि त्यांतले कोणतेही एक पुरेसे होते.

पहिले कारण म्हणजे सकाळचे दूध. ताज्या दुधाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका खाली तितके आम्ल जास्त) ६.६ ते ६.८ च्या आसपास असतो. दूध उबेत राहिले की त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि सामू खाली येऊ लागतो. थंड दुधातले केसीन हे प्रथिन पूर्णपणे वेगळे व्हायला तो ४.६ पर्यंत उतरावा लागतो, पण उकळत्या दुधाला त्याहून पुष्कळ कमी आम्ल पुरते. म्हणूनच ज्या दुधाला वासही येत नाही आणि जे चाखल्यावरही गोड लागते, ते तापवताना फाटू शकते. आपल्याकडे कोजागरी ऑक्टोबरच्या उन्हात येते आणि जळगाव-भुसावळकडे त्या दिवसांत दुपारी चांगलेच तापते. सकाळी ६ ला काढलेले दूध संध्याकाळी ७ पर्यंत फ्रिजबाहेर राहिले तर ते आम्ल धरणारच. असे ६ लिटर दूध तुम्ही संध्याकाळच्या चांगल्या ६ लिटर दुधात ओतले आणि सगळेच गमावले.

यावरचा उपाय सोपा आहे आणि आम्ही केंद्रावर संशय आलेल्या प्रत्येक कॅनसाठी तो करत होतो. दूध एकत्र करण्याआधी प्रत्येक भांड्यातले पळीभर दूध वेगवेगळ्या छोट्या भांड्यांत घेऊन खळखळ उकळावे. भांडे तिरके करून कडेवरून दूध सरकताना पाहावे. कडेला बारीक कण चिकटलेले दिसले, तर ते दूध मोठ्या पातेल्यात घालू नये, त्याचे घरी पनीर करावे. या तपासणीला पाच मिनिटे लागतात. शक्यतो १२ लिटर दूध एकाच ठिकाणाहून, संध्याकाळच्या धारेचे घ्या आणि आणल्याबरोबर तापवायला ठेवा. सकाळचे घ्यायचेच असेल तर ते आणल्याबरोबर उकळून, गार करून फ्रिजमध्ये ठेवा.

दुसरे कारण ताजे आले. आल्याच्या रसात प्रथिने तोडणारे एक विकर (एन्झाइम) असते आणि ते गरम दुधात झपाट्याने काम करते. दक्षिण चीनमध्ये तर गरम दूध मुद्दाम आल्याच्या रसावर ओतून आपल्या खरवसासारखा घट्ट गोड पदार्थ करतात. उकळी मिळाली की हे विकर निकामी होते. चहाला आपण आले आधी पाण्यात उकळतो, म्हणून चहा फाटत नाही. तुम्ही मात्र दूध उकळण्याच्या वाटेवर असताना, म्हणजे त्या विकराला सर्वांत मानवणाऱ्या उबेत, ते टाकलेत. आल्याची चव हवी असेल तर सुंठ घ्या. १२ लिटरला दोन चहाचे चमचे सुंठपूड पुरे, तीही वस्त्रगाळ केलेली.

तिसरे कारण गूळ. गूळ थोडा आम्लधर्मी असतो, शिवाय कोजागरीच्या वेळी घरात असलेला गूळ अख्खा पावसाळा पाहिलेला असतो. तो ओल धरतो, पाझरतो आणि कधी कधी आंबूसही होतो. नवा गूळ हिवाळ्यात येतो. तेव्हा कोजागरीला गूळ घालणे म्हणजे वर्षातला सर्वांत बेभरवशाचा गूळ सर्वांत जास्त माणसांच्या दुधात घालणे होय. मी साखरच घाला म्हणेन.

अमळनेरचा आचारी

वरच्या दोघांच्या उत्तरांत बहुतेक सगळे आले आहे, परंतु दोन ठिकाणी माझे मत वेगळे आहे, ते नोंदवतो.

गुळाचे दूध होतच नाही असे नाही, मी लग्नघरी केले आहे. चिरलेला गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, एक उकळी देऊन, गाळून पूर्ण गार करावा. दूध जाळावरून उतरवून, हात लावला तर सोसेल इतके निवू द्यावे आणि मग हा पाक बारीक धारेने, ढवळत घालावा. त्यानंतर ते दूध पुन्हा जाळावर चढवू नये. आधी वाटीभर दुधात चमचाभर पाक घालून पाहावे, ते बिघडले तर सगळे दूध वाचते. पण तुम्हाला दूध तीन तास गरम ठेवायचे आहे आणि मध्यरात्री पुन्हा तापवायचे आहे, म्हणून तुमच्यासाठी मीही साखरच सुचवतो. १२ लिटरला ७०० ग्रॅम काढून ठेवा, त्यातली ६०० आधी घाला आणि चाखून उरलेल्या १०० चे ठरवा. साखर दूध आटल्यानंतरच घाला. सुरुवातीला घातली की तळाला लवकर लागते, आणि आटल्यावर गोडी किती वाढेल याचा अंदाजही चुकतो.

दुसरे मत जाळाबद्दल. गच्चीवर मोठ्या गॅसच्या शेगडीवर काम करा. काही हौशी मंडळी अंगणात चूल मांडून कपाशीच्या पऱ्हाट्यांवर दूध ठेवतात. भरताची वांगी भाजायला पऱ्हाट्यांसारखा जाळ नाही, हे मी खान्देशी माणूस म्हणून छातीठोक सांगतो, कारण तो भडकून उठतो आणि वांग्याला धुराचा वास देतो. दुधाला नेमक्या याच दोन गोष्टी नको असतात. पऱ्हाटी भसकन पेटून लगेच बसते, पुन्हा घालावी लागते, आणि त्या चढउतारात तळ करपतो. धूर तर दूध स्पंजासारखा शोषते. चुलीवरच करायचे असेल तर बाभळीची जाड लाकडे घेऊन निखाऱ्यांवर करावे.

शेगडीवरही पहिली उकळी येईपर्यंत जाळ मध्यम ठेवा. घाई होते ती इथेच. ७० अंशांच्या पुढे दुधातली काही प्रथिने घट्ट होऊन तळाला बसू लागतात आणि जाळ जितका मोठा तितका तो थर जाड होतो. पातेल्याखाली जाड लोखंडी तवा ठेवला तर ज्वाला एका जागी लागत नाही. वेळ थोडा जास्त जातो, पण ढवळणाऱ्याचा हात पाच मिनिटे थांबला तरी दूध वाचते.

दूध कमी पडेल असे वाटले तर वरून पाणी किंवा कच्चे दूध ओतू नका. १०० ग्रॅम काजू गरम पाण्यात भिजवून गुळगुळीत वाटा आणि ते वाटण २ लिटर वेगळ्या उकळलेल्या दुधात मिसळून ठेवा. ऐन वेळी ते मोठ्या पातेल्यात घालता येते आणि दाटपणा तोच राहतो.

आहारमित्र, धुळे

मधुमेहाच्या आजोबांसाठी साखर घालण्यापूर्वी आटलेले दूध वेगळे काढून ठेवावे आणि त्यात वेलची, केशर व मसाला घालावा. गूळ घातला म्हणजे त्यांना चालेल हा समज चुकीचा आहे, कारण गुळातही मुख्यत्वे तीच साखर असते. दुधाची स्वतःची साखरही आटल्यावर दाट होते : १०० मिली साध्या दुधात ती साडेचार ते पाच ग्रॅम असते, चौथा हिस्सा आटल्यावर सहा ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणून त्यांना अर्धा पेला द्यावा, तोही त्यांच्या डॉक्टरांनी घातलेली मर्यादा सांभाळून.

ज्या मुलीला दूध पचत नाही तिचा त्रास उकळण्याने कमी होत नाही, उलट आटीव दुधाने वाढू शकतो. तिच्यासाठी वेगळा उकाळा करावा. ५ पेल्यांसाठी लिटरभर पाण्यात गवती चहाची ४-५ पाती, पाव चमचा सुंठ, ४ मिरे, २ लवंगा आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घालून पाणी पाऊण होईपर्यंत उकळावे, ५० ते ६० ग्रॅम गूळ घालावा आणि गाळावे. वेलची-केशर शेवटी घातले की तिच्या पेल्यालाही इतरांसारखाच वास येतो. मुलांना हे महत्त्वाचे वाटते. तिच्याबरोबर आणखी दोघी-चौघींना उकाळाच द्यावा, म्हणजे ती एकटी पडत नाही.

आणखी एक. ३० मुलांत एखाद्याला काजू-बदामाची ॲलर्जी असू शकते, आणि ती जिवावर बेतू शकते. आईवडिलांना आधी विचारावे आणि सुक्या मेव्याशिवायचे दूध पहिल्यांदाच, वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या पळीने काढून ठेवावे.

मेहरूणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल २ लिटर म्हशीचे दूध घेऊन घरी करून पाहिले. आधी पळीभर उकळून तपासले, पातेल्यात पाणी घालून तळ भिजवला, चमच्याच्या लाकडी दांड्यावर सुरीने खुणा केल्या आणि जाळ मध्यम ठेवला. ४० मिनिटांत दूध दुसऱ्या खुणेवर आले. पातेले रिकामे केल्यावर तळ पाहिला, तर एका जागी फक्त बोटाएवढा फिकट पिवळा थर होता आणि तो ओल्या फडक्याने निघाला. सुंठीची चव सासऱ्यांना आवडली. माझी चूक एकच झाली : चारोळी चावून पाहायची राहिली आणि ती जुनी निघाली, म्हणून पेल्याच्या शेवटी किंचित कडू लागले. आज नवी आणली, दाणा चावून मगच पैसे दिले. पितळी पातेले कल्हईला दिले आहे.

आता एकच प्रश्न उरला आहे. साडेनऊला मुली आणि बाराला मोठी माणसे, हे गणित कसे जमवावे? तीन तास मंद जाळावर ठेवले तर दूध आणखी आटेल आणि साय धरेल असे वाटते.

भालोदची लेक

साय धरेल आणि मसाल्याचा वासही उडेल, म्हणून एकाच पातेल्याचा आग्रह सोडा. दूध आटल्यावर, साखर घालण्यापूर्वी, आजोबांचे आणि मेव्याशिवायचे दूध काढून झाले की उरलेल्याचे दोन भाग करा. मुलांच्या भागात, म्हणजे सुमारे ३ लिटरमध्ये, मसाला आणि साखर तेव्हाच घाला आणि साडेनऊला वाटून मोकळ्या व्हा. मुलांना फार कढत देऊ नका, पेला दोन्ही हातांनी धरता येईल इतके निवलेले असावे.

मोठ्यांचा भाग नुसता, साखर-मसाल्याशिवाय, झाकण घालून ठेवा. एका मोठ्या पातेल्यात गरम पाणी घेऊन त्यात हे भांडे उभे करा आणि पाण्याखाली अगदी बारीक जाळ ठेवा. पाणी उकळत ठेवायचे नाही, पण दूध बोट बुडवता येणार नाही इतके गरम राहिले पाहिजे. ६० अंशांच्या खाली कोमट होऊन तासन्‌तास पडून राहिलेले दूध बिघडते. असे ठेवल्याने तळ लागायची भीती राहत नाही आणि आटतही नाही. पावणेबाराला एकदा उकळी द्या, जाळ बंद करा, मग साखर, केशर, वेलची, जायफळ आणि मेवा घाला, की मध्यरात्री झाकण उघडल्यावर ताज्या मसाल्याचा वास येईल.

पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्रीच डोक्यावर येतो, म्हणून पातेल्यात चंद्र पाहायचा तर बाराच्या आसपासच पाहता येतो. त्या वेळी गच्चीवरचा दिवा बंद करा. एक तर चंद्र नीट दिसतो, आणि दुसरे म्हणजे पावसाळ्यानंतरच्या या दिवसांत दिव्यावर येणारी पाखरे दुधात पडत नाहीत. तोवर पातेल्यावर ओली करून पिळलेली मलमल ताणून बांधा.

उरलेले दूध गच्चीवर रात्रभर ठेवू नका. वाटप झाल्याबरोबर खाली नेऊन, थंड पाण्यात भांडे ठेवून गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी एक उकळी दिली की शेवया चांगल्या होतात.

आणि गुलाबाईचा नैवेद्य साडेनऊच्या वाटपाआधी काढा, चांदीची वाटी नसेल तर पितळी चालेल, पण तिलाही कल्हई हवी. मागच्या वर्षी "गुलाबाई दूध न पिताच जाणार का?" विचारणाऱ्या त्या मुलीलाच ती वाटी गुलाबाईपुढे ठेवायला सांगा आणि मगच रांग सुरू करा.